माशांची कुळे

‘मासा’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पाच टोकांचा एखादा प्राणी सापडला, की आपण त्याला तारामासा म्हणतो. देवमासा तर नावानेच मासा. मासळीबाजारात गेलो, तर एकाच फळीवर बांगडे, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि माकूल शेजारी शेजारी मांडलेले असतात. घरी आल्यावर आई विचारते, “आज मासळी काय आणलीस?” व्यवहारात हे सगळे चालते. शास्त्रात मात्र ते चालत नाही.

शास्त्राच्या भाषेत मासा म्हणजे पाठीचा कणा असलेला, पाण्यात राहणारा, कल्ल्यांनी श्वास घेणारा आणि परांच्या साहाय्याने पोहणारा प्राणी. येथे दोन शब्द नीट समजून घ्या. उर्दूत तुम्ही ज्यांना गलफडे म्हणता, त्यांना मराठीत ‘कल्ले’ म्हणतात. आणि मासा ज्या अवयवांनी पाणी कापतो, त्यांना मराठीत ‘पर’ म्हणतात. ‘पर’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचाच आहे. फक्त तेथे तो पाखराला असतो, येथे माशाला.

आता ही कसोटी लावून पाहा. तारामाशाला कणा नाही, म्हणून तो मासा नाही. कोळंबी आणि खेकडा यांच्या अंगावर कवच असते, पण आत कणा नसतो. माकूल कापले, की काही वेळा आत एक पांढरी, हलकी फळी सापडते. पोपट पाळणारे लोक ती पिंजऱ्यात टांगून ठेवतात. ती पाहून ‘हेच त्याचे हाड’ असे वाटते. पण ते हाड नव्हे. माकूल हा शिंपल्यांच्या नात्यातला प्राणी आहे आणि ती फळी म्हणजे त्याच्या अंगात राहिलेला शिंपलाच होय. देवमाशाला कणा आहे, पण कल्ले नाहीत. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यासाठी पाण्यावर येतो आणि आपल्या पिल्लाला दूध पाजतो. त्याची शेपटी पाहिली तरी फरक कळतो. माशाची शेपटी उभी असते व ती डावीकडे-उजवीकडे हलते; देवमाशाची व डॉल्फिनची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते.

इतके सगळे वगळल्यावर मासे उरतात तरी किती? आजवर माशांच्या ३५,००० हून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. पाठीचा कणा असलेल्या जगातील सर्व प्राण्यांच्या जाती मोजल्या, तर त्यांतील निम्म्याहून जास्त मासेच भरतील. पक्षी, साप, बेडूक, वाघ, हत्ती आणि माणूस हे सर्व मिळून उरलेल्या निम्म्यात येतात.

या अफाट पसाऱ्याची शास्त्रज्ञांनी कुळे पाडली आहेत. ती रंगावरून, आकारावरून किंवा चवीवरून पाडलेली नाहीत. आतला सांगाडा कशाचा आहे आणि तोंडाला जबडा आहे की नाही, हे पाहून ती ठरवली आहेत. हाडांचा सांगाडा असलेले ते अस्थिमत्स्य. मऊ, लवचीक कास्थीचा सांगाडा असलेले ते कास्थिमत्स्य. आणि ज्यांना जबडाच नाही, ते चक्रमुखी.

कास्थी म्हणजे काय, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. आपल्या कानाची पाळी दुमडून पाहा. नाकाचा शेंडा दाबून पाहा. आत काहीतरी घट्ट आहे, पण ते हाडासारखे टणक नाही. वाकते आणि सोडले की पुन्हा सरळ होते. हीच कास्थी. हिला कूर्चा असेही म्हणतात. घरात आपण तिला ‘नरम हड्डी’ म्हणतो.

पण बाजारात मासा कापून सांगाडा पाहायला कोण देणार? त्याची गरजही नाही. आई बाजारात मासा कसा पारखते, ते आठवा. ती माशाच्या गालावरचे झाकण बोटाने उचलते आणि आतले कल्ले लालभडक आहेत की फिकट पडले आहेत, ते पाहते. कल्ले लाल असले, तर मासा ताजा. ही पारख ताजेपणाची आहे, पण तिच्यातच कुळाची पारखही लपलेली आहे. ज्या माशाच्या कल्ल्यांवर असे उचलता येणारे झाकण असते, तो अस्थिमत्स्य. बांगडा, सुरमई, पापलेट, रावस, हलवा, तारली, नदीतले रोहू आणि कटला या सर्वांना असे झाकण असते. मुशीला मात्र ते नसते. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना सुरीने कापल्यासारख्या पाच-पाच चिरा उघड्याच दिसतात. तेथे उचलायला काही नाही.

या झाकणाचा माशाला मोठा उपयोग असतो. काचेच्या टाकीतला मासा पाहा. तो एका जागी स्थिर असला, तरी त्याचे तोंड आणि कल्ल्यांची झाकणे सारखी उघडझाप करत असतात. तोंडातून घेतलेले पाणी कल्ल्यांवरून जाते, पाण्यात विरघळलेला प्राणवायू रक्तात जातो आणि पाणी झाकणाखालून बाहेर पडते. झाकण हा एक प्रकारचा पंपच आहे. अनेक मोठ्या मुशींना अशी सोय नसल्याने त्यांना पाणी कल्ल्यांवरून वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते.

अस्थिमत्स्यांजवळ आणखी एक चांगली सोय असते. बहुतेकांच्या पोटात, कण्याच्या खाली, हवेने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. या पिशवीतील हवा कमी-जास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहू शकतो. आपल्याकडील घोळ नावाच्या माशाचे वाताशय फार मोठे असते. मच्छीमार त्याला ‘बोत’ म्हणतात. वाळवलेल्या बोताला परदेशांत, विशेषतः चीनकडील देशांत, प्रचंड मागणी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये किंमत आली. ती किंमत मांसाची नव्हती, पोटातल्या पिशवीची होती!

अस्थिमत्स्यांची त्वचा खवल्यांनी झाकलेली असते. हे खवले घराच्या कौलांसारखे एकमेकांवर बसवलेले असतात. थंड प्रदेशातील माशांच्या खवल्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. हिवाळ्यात वाढ मंदावते, उन्हाळ्यात ती वेगाने होते, आणि या फरकामुळे वर्षाचे वर्तुळ उमटते. ती मोजून माशाचे वय सांगता येते. खवले पापलेटासारखे बारीक असतील, रोहूसारखे रुपयाएवढे असतील किंवा सुरमईसारखे इतके सूक्ष्म असतील की अंग गुळगुळीतच वाटावे.

जगातील माशांच्या ९५ टक्क्यांहून अधिक जाती या एकाच कुळातल्या आहेत. त्यामुळे त्यांत नमुने तरी किती! वाम सापासारखी लांबट असते, तरीही ती मासाच. समुद्रघोडा उभा पोहतो आणि त्याच्यात अंडी सांभाळण्याचे काम नर करतो; नराच्या पोटाला त्यासाठी पिशवी असते. लेप या चपट्या माशाचे तर नवलच आहे. अंड्यातून बाहेर पडतो, तेव्हा त्याचा एक डोळा डावीकडे आणि एक उजवीकडे, म्हणजे इतर माशांसारखाच असतो. पुढे तो वाळूवर एका कुशीवर पडून राहू लागतो, आणि खालच्या बाजूचा डोळा हळूहळू सरकत वरच्या बाजूला येतो. मोठ्या लेपाचे दोन्ही डोळे एकाच गालावर असतात.

आता बोंबलाची गोष्ट. वर्गात हा पाठ शिकवताना एका मुलीने विचारले, “सर, बोंबील तर इतका मऊ असतो की त्याचा काटासुद्धा चावून खाता येतो. मग तो कास्थिमत्स्य का नाही?” प्रश्न अगदी योग्य होता. बोंबलाच्या अंगात पाण्याचे प्रमाण फार असते. म्हणून तर वसई, अर्नाळा, वर्सोवा, सातपाटी या भागांत बांबूंच्या मांडवावर टांगून तो वाळवतात, आणि वाळल्यावर एवढासा होतो. त्याची हाडे बारीक आणि मऊ असतात, पण ती हाडेच असतात, कास्थी नव्हे. त्याच्या कल्ल्यांवर झाकण असते. शेपटीकडच्या भागावर नाजूक खवलेही असतात. तेव्हा मऊ तो कास्थिमत्स्य आणि कडक तो अस्थिमत्स्य, असे सोपे समीकरण मांडू नका. दहा-बारा फूट लांबीच्या दणकट मुशीच्या अंगात एकही हाड नसते आणि बोटाने दबणारा बोंबील हाडांचा असतो.

मुशी आणि पाकट ही आपल्या किनाऱ्यावरील कास्थिमत्स्यांची नेहमीची उदाहरणे. मुशी म्हणजे इंग्रजीतला शार्क. शार्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातला माणसे खाणारा राक्षस येतो. प्रत्यक्षात जगात मुशी, पाकट आणि त्यांचे भाऊबंद यांच्या सुमारे बाराशे जाती आहेत. त्यांतील माणसाला धोकादायक अशा मुशी हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. मुंबई-कोकणच्या बाजारात टोपलीत दिसणारी लहान मुशी तर हातभरही नसते.

एकदा नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलो होतो. उर्दूत ज्यांना माहीगीर म्हणतात, त्यांना येथे खारवी, दालदी, गाबीत अशी त्यांच्या त्यांच्या समाजाची नावे आहेत. बोटी लागल्या होत्या, लिलाव चालू होता. एका मुलाने मासळी विकणाऱ्या बाईंना विचारले, “मावशी, मुशीला खवले नसतात ना?”

मावशी म्हणाल्या, “हात लावून बघ बाळा. आधी डोक्याकडून शेपटाकडे फिरव.”

त्याने हात फिरवला. “गुळगुळीत आहे.”

“आता उलटा फिरव. शेपटाकडून डोक्याकडे.”

त्याने तसे केले आणि हात झटकन मागे घेतला. पॉलिश पेपरवर बोटे घासावीत, तसे त्याला वाटले. मुशीच्या त्वचेवर अत्यंत बारीक, टोकदार खवले असतात. त्यांची टोके शेपटीकडे वळलेली असतात, म्हणून एका दिशेने हात सहज फिरतो आणि दुसऱ्या दिशेने खरचटतो. गंमत अशी, की या खवल्यांची घडण दातांसारखीच असते. पूर्वी सुतार वाळवलेल्या मुशीच्या कातड्याने लाकूड घासून गुळगुळीत करत आणि तलवारीची मूठ हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर पाकटाचे कातडे बसवत. ज्या घरांत मुशी शिजते, तेथे ती आधी गरम पाण्यात घालून तिची ही खरखरीत त्वचा खरवडून काढतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल.

मुशीचे दात एकामागे एक अशा रांगांत असतात. पुढचा दात पडला की मागचा पुढे येतो. तोंड नाकाच्या खाली, पोटाच्या बाजूला असते. शेपटीचा वरचा भाग मोठा व खालचा लहान असतो. बांगड्याच्या शेपटीसारखे दोन सारखे भाग नसतात. मुशीला वाताशय नसते. त्याऐवजी तिचे यकृत फार मोठे आणि तेलाने भरलेले असते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगण्यास थोडी मदत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले, तेव्हा ‘अ’ जीवनसत्त्वासाठी आपल्या देशात मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग वाढला.

मुशीच्या मांसाला लवकरच एक उग्र वास का येऊ लागतो? तिच्या रक्तात आणि मांसात युरिया साठवलेला असतो. समुद्राच्या खारट पाण्यात अंगातले पाणी बाहेर ओढले जाऊ नये, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. मुशी मेली, की जीवाणू या युरियाचा अमोनिया बनवतात आणि वास सुटतो. म्हणून मुशी एक तर ताजी खातात किंवा खारवून सुकवतात.

पाकट म्हणजे जणू दाबून चपटी केलेली मुशी. त्याचे पर दोन्ही बाजूंना पसरून चादरीसारखे झालेले असतात. कल्ल्यांच्या चिरा अंगाखाली असतात. वाळूत दडून बसल्यावर त्या चिरा आणि तोंड खाली दबतात, म्हणून डोळ्यांच्या मागे असलेल्या दोन छिद्रांतून तो पाणी आत घेतो. त्याच्या अनेक जातींच्या शेपटीवर विषारी काटा असतो. असा पाकट जाळ्यात आला, की अनुभवी मच्छीमार आधी तो काटा कापून टाकतात.

या कुळाचे वेगळेपण फार जुन्या काळी ओळखणारा माणूस म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल, आपला अरस्तू. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी त्याने मच्छीमारांकडून माहिती घेऊन आणि स्वतः मासे चिरून पाहून कास्थीचे मासे वेगळे काढले. काही मुशी अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात आणि पोटात असताना पिल्लू आईशी नाळेने जोडलेले असते, हेही त्याने लिहून ठेवले. पुष्कळ काळ लोकांना ते पटले नाही. आपल्या बाजारातली ती हातभर मुशीसुद्धा अशीच पिल्लांना जन्म देते; एका वेळी साधारण सहा ते अठरा. ही संख्या लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

तिसरे कूळ चक्रमुखींचे. हे मासे आपल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी थोडे दूर जावे लागेल. जगात त्यांच्या शंभराच्या वर थोड्याच जाती उरल्या आहेत. त्यांना जबडा नाही, खवले नाहीत आणि छातीचे-पोटाचे जोडीचे परही नाहीत. शरीर वामीसारखे लांबट व बुळबुळीत. त्यांच्यातील लँप्रे नावाच्या माशाचे तोंड वाटीसारखे गोल असते आणि आत कडेकडेने टोकदार दात असतात. लँप्रेच्या काही जाती दुसऱ्या माशाच्या अंगाला हे तोंड जळूसारखे चिकटवतात, त्याची त्वचा खरवडतात आणि रक्त शोषतात. हॅगफिश हा त्यांचा दुसरा भाऊ समुद्राच्या तळाशी मेलेले प्राणी खातो आणि कोणी धरले, तर अंगातून इतका चिकट पदार्थ सोडतो की धरणाऱ्याला सोडून द्यावे लागते.

या दिसायला क्षुद्र माशाने उत्तर अमेरिकेत काय केले, ते ऐका. तेथे अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पाच प्रचंड सरोवरे आहेत. समुद्री लँप्रेला वरच्या चार सरोवरांत जाता येत नव्हते, कारण वाटेत नायगाराचा धबधबा आहे. पुढे जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा खणला गेला, आणि जहाजांबरोबर लँप्रेलाही वाट मिळाली. १९२१ साली तो ईरी सरोवरात आढळला आणि १९४० च्या आत चारही सरोवरांत पसरला. एक लँप्रे आपल्या आयुष्यात सुमारे १८ किलो मासळी मारू शकतो. लँप्रे येण्यापूर्वी वरच्या सरोवरांतून लेक ट्राउट या माशाचे वर्षाला सुमारे ६,८०० टन उत्पादन मिळत असे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते १४० टनांच्या आसपास आले. अतिमासेमारी हेही त्याचे एक कारण होते. १९५८ पासून लँप्रेची पिल्ले ज्या ओढ्यांत वाढतात, तेथे विशिष्ट औषध सोडून त्यांना आवरले जाते. हे काम अजून संपलेले नाही.

अस्थिमत्स्यांच्या कुळात एक लहानसे घराणे आहे. त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. बांगड्याचा पर उघडून पाहिला, तर पंख्याच्या काड्यांसारखे बारीक काटे आणि त्यांवर ताणलेला पडदा दिसतो. पण काही थोड्या माशांच्या परांच्या बुडाशी मांस आणि हाडे असतात, आखूड हातापायांसारखी. यांना मांसलपर मासे म्हणतात. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील फुप्फुसमासे या घराण्यातले. आफ्रिकेतील फुप्फुसमासा तळे आटले की चिखलात पुरून घेतो आणि पाऊस येईपर्यंत महिनोन् महिने हवेवर जगतो. शास्त्रज्ञांच्या मते, जमिनीवर चालणाऱ्या सर्व कणाधारी प्राण्यांचे पूर्वज याच घराण्यातले होते.

या घराण्यातील सीलाकँथ हा मासा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नष्ट झाला, अशी सर्वांची खात्री होती. तो फक्त दगडांतील अवशेषांवरून माहीत होता. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन या बंदरात एक मासेमारी बोट आली. तेथील लहानशा संग्रहालयाच्या प्रमुख मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या मासळीच्या ढिगात काही नवीन आहे का, ते पाहायला गेल्या. ढिगाखालून एक निळसर पर डोकावत होता. त्यांनी वरची मासळी बाजूला केली. खाली सुमारे दीड मीटर लांबीचा, पायांसारखे पर असलेला मासा होता. त्यांनी त्याचे रेखाचित्र काढून प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांना पाठवले आणि स्मिथ यांनी तो सीलाकँथ असल्याचे ओळखले. दुसरा नमुना मिळावा म्हणून स्मिथ यांनी शंभर पौंडांचे बक्षीस लावून पत्रके वाटली. तो मिळायला चौदा वर्षे लागली. १९५२ मध्ये कोमोरो बेटांजवळ तो सापडला, आणि तेव्हा कळले की तेथील मच्छीमारांना हा मासा ठाऊक होता! त्यांनी त्याला ‘गोम्बेसा’ असे नावही दिले होते. विद्वान ज्याला नष्ट झालेला समजत होते, तो मच्छीमारांच्या गळाला अधूनमधून लागत होता.

तुम्ही म्हणाल, ही कुळे कळून आम्हांला करायचे काय? मासा चवीला चांगला असला म्हणजे झाले! पण एक हिशेब पाहा. बांगडा किंवा तारली वर्षा-दोन वर्षांत अंडी घालण्याएवढी वाढते आणि एक मादी हजारो अंडी घालते. सुरमईची अंडी तर लाखांत मोजतात. त्यांतील बहुतेक इतरांच्या पोटात जातात, पण थोडी जगली तरी समुद्र पुन्हा भरतो. आता मुशीची ती मघाची संख्या आठवा: सहा ते अठरा. मोठ्या मुशी तर वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे घेतात, आणि त्यांच्यातील अनेक एक-दोन वर्षांआड थोडीच पिल्ले देतात. म्हणजे एकाच जाळ्यात शंभर बांगडे आणि दहा मुशी आल्या, तर बांगड्यांची भर निघते; मुशींची निघेलच असे नाही. १९७० ते २०१८ या काळात खुल्या महासागरांतील मुशी व पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असे जगभरच्या अभ्यासातून २०२१ मध्ये पुढे आले. आपल्या किनाऱ्यावर एके काळी सापडणारा करवत मासा, ज्याचे नाक करवतीसारखे असते, आज बहुतेक मच्छीमारांनी केवळ वडिलांच्या तोंडून ऐकलेला आहे.

अंडी पुष्कळ घालतो म्हणून अस्थिमत्स्य कितीही पकडावा, असेही नाही. पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. पण बारीक आसाच्या जाळ्यांत त्याची पिल्लेच पकडली गेली, तर अंडी घालायला राहणार कोण? त्याच वर्षी राज्याने पापलेट, बोंबील यांच्यासह अनेक मासे किती लांबीपेक्षा लहान असताना पकडू नयेत, याचे नियम केले. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तीही याच विचाराने.

कास्थिमत्स्यांसाठी मात्र वेगळा कायदा करावा लागला. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असले, तरी तो देवमासा नव्हे; ती मुशीच आहे. पाच चिरा आहेत, अंगात हाड नाही. लांबी अठरा मीटरपर्यंत भरते, पण अन्न मात्र गाळून घेतलेले सूक्ष्म जीव आणि लहान मासळी. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर १९९० नंतरच्या दशकात यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी तिची मोठी शिकार झाली. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. वाघ-हत्तींच्या पंक्तीला बसलेला हा पहिला मासा. त्याच वर्षी करवत मासा आणि आणखी काही मुशी-पाकट यांनाही हे संरक्षण मिळाले. २००४ पासून सौराष्ट्रात गावोगावी समजावण्याचे काम झाले. लोकांनी या मुशीला ‘व्हाली’ असे नाव दिले आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक मानले. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी जाळी कापून सोडून दिले आहेत.

जाळे कापणे म्हणजे मच्छीमाराचे हजारो रुपयांचे नुकसान. म्हणून गुजरातेत त्याची भरपाई देण्यात येऊ लागली. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये अशी योजना सुरू केली. संरक्षित प्राणी जाळ्यातून जिवंत सोडला, त्याचे छायाचित्र काढले आणि अर्ज केला, की फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते.

शब्दार्थ
कल्ले – माशाचे श्वसनाचे अवयव, गलफडे
पर – माशाचे पोहण्याचे अवयव
कास्थी, कूर्चा – मऊ व लवचीक हाडासारखा भाग, नरम हड्डी
वाताशय – माशाच्या पोटातील हवेची पिशवी
यकृत – काळीज, जिगर
खारवणे – मीठ लावून टिकवणे
बुळबुळीत – हातातून निसटणारे
आस – जाळ्याच्या दोन गाठींमधील भोक

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) देवमाशाला मासा का म्हणत नाहीत?
(आ) घोळ माशाला मोठी किंमत कशामुळे येते?
(इ) लँप्रे मासा वरच्या सरोवरांत कोणत्या वाटेने गेला?
२. कारणे लिहा.
(अ) मुशीवर उलटा हात फिरवला की खरचटते.
(आ) बोंबील मऊ असूनही कास्थिमत्स्य नाही.
(इ) बांगड्यांची भर लवकर निघते, मुशींची निघत नाही.
३. सीलाकँथच्या शोधाची हकिगत दहा ओळींत आपल्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : जवळच्या मासळीबाजारात जा. दिसलेल्या प्रत्येक माशाचे मराठी नाव व उर्दू किंवा घरातील नाव लिहा. कल्ल्यांवर झाकण आहे की उघड्या चिरा आहेत, ते त्यापुढे नोंदवा.